सुक्याबरोबर ओले

टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस, आर्थ्रायटिस. दवाखान्याच्या केसपेपरवर यातला एखादा शब्द प्रत्येक घराने कधी ना कधी वाचलेला असतो. ग्रीकमधून आलेला हा ‘आयटिस’ ज्या अवयवाच्या नावाला चिकटतो तिथे दाह आहे, असा वैद्यकातला संकेत आहे. दाह म्हणजे लाली, सूज, ठणका आणि शरीराच्या संरक्षक पेशींची धावपळ. डोळ्याच्या पडद्याच्या एका आनुवंशिक आजाराच्या नावातही हा ‘आयटिस’ आहे. त्याचे नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. रुग्ण आणि डॉक्टर दोघेही त्याला नुसते ‘आरपी’ म्हणतात. आरपीत डोळा लाल होत नाही, सुजत नाही, ठणकत नाही. समोरच्याला ते डोळे अगदी निरोगी वाटतात. तरी नावात दाह आहे.

नाव पडले ते नेदरलँड्समध्ये. जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा पाहता येईल असे उपकरण जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली जगापुढे ठेवले, आणि पुढच्या काही वर्षांतच उट्रेख्तचे नेत्रवैद्य फ्रान्सिस्कुस डोंडर्स आणि त्यांचे सहकारी त्यातून एक विचित्र दृश्य पाहू लागले. काही रुग्णांच्या पडद्याच्या कडेकडेने काळ्या रंगद्रव्याचे ठिपके पसरले होते. त्यांचा आकार हाडाच्या बारीक कपच्यांसारखा होता. रक्तवाहिन्या सुतासारख्या बारीक झाल्या होत्या. ही जुन्या दाहाची खूण असावी, असा तर्क करून डोंडर्स यांनी १८५७ च्या सुमारास आजाराला नाव दिले. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली कळले की हा संसर्ग नाही, दुखापतही नाही. पडद्याच्या प्रकाशग्राही पेशी एकेक करून झिजून मरतात. मग पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांनी विद्यार्थ्यांना शिकवले की हे नाव चुकीचे आहे, केवळ रूढ झाले म्हणून वापरायचे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र असे पुरावे साठत गेले आहेत की डोंडर्स यांची चूक निम्मीच होती. दाहामुळे हा आजार सुरू होत नाही, हे खरेच आहे. पण एकदा सुरू झालेल्या आजारात दाह शिरतो आणि उरलीसुरली दृष्टी घालवायला हातभार लावतो.

आजाराची सुरुवात बहुधा संध्याकाळी जाणवते. दिवसा मैदानावर धावणारे पोर दिवेलागणीला उंबऱ्याला ठेचकाळते. सिनेमागृहात शिरल्यावर बाकीचे अर्ध्या मिनिटात सरावतात, हे मात्र भिंत चाचपत उभे राहते. घरची मंडळी त्याला रातांधळेपणा म्हणतात आणि गाजर, पालेभाज्या, शेवग्याचा पाला सुरू करतात. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे आलेला रातांधळेपणा त्याने बरा होतोही. आरपीतला होत नाही, कारण इथे ज्या पेशींनी ते जीवनसत्त्व वापरायचे, त्याच मरत असतात.

पडद्यावर दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. दंडपेशी नऊ ते बारा कोटी, त्या अंधुक उजेडात काम करतात. शंकुपेशी साठेक लाख, त्या दिवसाच्या उजेडाच्या, रंगांच्या आणि बारीक तपशिलाच्या. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे हे सगळे पडद्याच्या मधोमध दाटीने बसलेल्या शंकुपेशींच्या जिवावर चालते. आरपीत आधी दंडपेशी जातात, म्हणून आधी रात्र जाते. मग बाजूची नजर आवळत येते आणि माणूस नळकांड्यातून पाहिल्यासारखे जग पाहू लागतो. अशा माणसाला तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, पण समोरून आलेली सायकल, टेबलाची कड, पायाशी खेळणारे लेकरू दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानुसार दृष्टिक्षेत्र १० अंशांहून कमी उरले तर ती व्यक्ती अंध गणली जाते, मग तक्ता तिने कितीही खालपर्यंत वाचो. ‘वाचता तर येते, मग आंधळा कसा?’ हा प्रश्न या लोकांना आयुष्यभर छळतो, आणि त्याचे उत्तर त्यांनीच परत परत द्यावे ही अपेक्षा अन्यायाची आहे.

जगात साधारण चार हजारांत एकाला हा आजार असतो असे मानले जाते. भारतात प्रमाण जास्त दिसते. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या सुमारे ४,७०० माणसांच्या डोळ्यांची तपासणी झाली, तेव्हा अंदाज निघाला दर ७५० जणांमागे एक. दक्षिण भारतातल्या काही ग्रामीण पाहण्यांत तो याहूनही वर गेला. नात्यातले लग्न हे अशा आकड्यांमागचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. आरपीच्या बऱ्याच प्रकारांत आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेले जनुक आले तरच आजार होतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मामाची मुलगी करण्याची रीत जिथे आहे, तिथे एकाच आजोबांकडून निघालेले तेच जनुक दोन वाटांनी एका पाळण्यात येऊन पोहोचते.

पहिल्या जनुकाचा छडा लागला १९९० मध्ये. अमेरिकेत थॅडियस ड्रायजा यांच्या गटाने ऱ्होडॉप्सिन या प्रथिनातली चूक शोधली. ३४८ अमिनो आम्लांच्या साखळीत २३ व्या जागी प्रोलिनऐवजी हिस्टिडिन. एवढ्या एका अदलाबदलीने माणसाची नजर जाते. तेव्हापासून आरपीला जबाबदार अशी ऐंशीहून अधिक जनुके सापडली आहेत.

इथेच एक कोडे आहे. ऱ्होडॉप्सिन फक्त दंडपेशींत असते, शंकुपेशी ते बनवतच नाहीत. म्हणजे बिघाड दंडपेशींचा, शंकुपेशी निर्दोष. मग दंडपेशी संपत आल्या की शंकुपेशी का मरू लागतात? रुग्णाच्या दृष्टीने हाच प्रश्न सर्वांत मोठा आहे. रात्रीची नजर गेली तर माणूस बॅटरी घेऊन, कुणाचा हात धरून निभावून नेतो. शंकुपेशी गेल्या तर पुस्तक जाते, नोकरी जाते, पोटच्या पोराचा चेहरा जातो.

उत्तरे एकाहून अधिक आहेत आणि बहुधा सगळीच थोडीथोडी खरी आहेत. पॅरिसमध्ये थिएरी लेव्हेयार आणि जोझे-आलँ साहेल यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की दंडपेशी एक प्रथिन स्रवतात, आणि त्याच्यावर शंकुपेशींची तग अवलंबून असते. शेजारी गेला की रसद तुटते. हार्वर्डमधल्या कॉनी सेप्को यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर दिसले की दंडपेशी मेल्यावर शंकुपेशींची ग्लुकोजअभावी उपासमार होते. तिसरे कारण ऑक्सिजनचे. दंडपेशी ऑक्सिजन अधाशासारखा वापरतात. त्या गेल्यावर पुरवठा तेवढाच राहतो, खाणारे तोंड मात्र कमी होते, आणि साचलेला ऑक्सिजन उरलेल्या पेशींना आतून गंजवतो. चौथे कारण दाह. जळतात दंडपेशी, आणि आगीच्या जवळ उभ्या म्हणून शंकुपेशी होरपळतात. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे.

डोळ्यात असे काही घडेल अशी फारशी कुणाची अपेक्षा नव्हती. डोळा ही शरीरातली शांत जागा मानली जाते. १९४८ मध्ये पीटर मेडावर यांनी सशाच्या डोळ्याच्या पुढच्या पोकळीत परकी त्वचा बसवून पाहिली. अंगावर दुसरीकडे लावलेली परकी त्वचा शरीर झिडकारून टाकते, डोळ्यात मात्र ती नांदली. रक्तातल्या संरक्षक पेशींना पडद्यात सहजी प्रवेश नसतो, कारण तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट शिवलेल्या असतात. निसर्गाची ही काटकसर समजण्यासारखी आहे. पाव मिलिमीटर जाडीच्या, पुन्हा न उगवणाऱ्या पेशींच्या पडद्यावर रोगप्रतिकाराची लढाई जुंपली तर शत्रू मेला तरी रणांगण उरत नाही.

पण पडद्याचे स्वतःचे राखणदार आहेत. त्यांचे नाव मायक्रोग्लिया. मेंदूतल्या या पेशी स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये माद्रिदमध्ये रंगवून, ओळखून वेगळ्या काढल्या. पडदा हा मेंदूचाच पुढे आलेला भाग, म्हणून तिथेही त्या असतात. गर्भ अगदी कोवळा असतानाच त्या येऊन स्थिरावतात. निरोगी पडद्यात त्यांचा मुक्काम आतल्या थरांत असतो. कोळ्याच्या पायांसारखे बारीक फाटे त्या सतत हलवत असतात, आजूबाजूच्या चेतापेशी चाचपत असतात. बाहेरचा जो थर दंडपेशी-शंकुपेशींचा, तिकडे त्या फिरकत नाहीत.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मरणोत्तर नेत्रदानातून मिळालेले आरपी-रुग्णांचे डोळे तपासले. जिथे दंडपेशी मरत होत्या, नेमक्या तिथे बाहेरच्या थरात मायक्रोग्लिया शिरलेल्या होत्या. फाटे आखडून त्या गोल, फुगीर झाल्या होत्या आणि त्यांच्या पोटात ऱ्होडॉप्सिनचे तुकडे होते. मढे उचलणारे मढ्याजवळ सापडणारच, असे तेव्हा म्हणता आले असते. आधी मरण आणि मग सफाई, की राखणदाराच्या हातूनच मरण, हे स्थिर चित्रावरून ठरत नाही.

ते ठरवायला हलते चित्र लागले. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेत वाय वाँग यांच्या गटाने आरपीसारखाच आनुवंशिक दोष असलेल्या उंदरांच्या पडद्यात मायक्रोग्लियांची जिवंत हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली टिपली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दिसले की दंडपेशी मोठ्या संख्येने मरायला लागण्याआधीच मायक्रोग्लिया बाहेरच्या थरात उतरतात, आणि ज्या पेशींवर मरणाची कोणतीही खूण नाही अशा पेशींभोवती फाटे आवळून त्या गिळतात. जिवंत पेशी गिळतात. जनुकातल्या दोषाने त्रासलेली दंडपेशी आपल्या आवरणाच्या आतल्या बाजूचा एक स्निग्ध रेणू बाहेर काढते. मरणारी पेशी ‘मला घेऊन जा’ म्हणून जी खूण करते, तीच ही. आजारी पण जगू शकली असती अशी पेशीही ही खूण करून बसते आणि राखणदार तिला मेलेली समजतो. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार. शिवाय पोट भरलेल्या मायक्रोग्लिया दाह भडकवणारी रसायने सोडतात, आणि त्यांचा त्रास शेजारच्या धड पेशींनाही होतो. संशोधकांनी जनुकीय युक्तीने मायक्रोग्लिया काढून टाकल्या तेव्हा त्या उंदरांतला ऱ्हास मंदावला. जनुक तेच, दोष तोच, तरी पेशी जास्त टिकल्या. या क्षेत्रातल्या कितीतरी निष्कर्षांतून एक निवडायचा झाला, तर हा निवडावा.

माणसांत असे प्रयोग करता येत नाहीत, पण खुणा वाचता येतात. जपानमध्ये क्युशू विद्यापीठाच्या डॉक्टरांनी पाचशेहून अधिक आरपी-रुग्णांच्या डोळ्यातल्या पारदर्शक गराची तपासणी केली. त्यात दाहाच्या पेशी तरंगताना दिसणे हे नेत्रतज्ज्ञांना नवीन नव्हते. नवे होते ते मोजमाप. तिघांतल्या एकाहून अधिक रुग्णांत त्या ठळकपणे होत्या, तरुणांत जास्त, आणि जिथे त्या जास्त तिथे नजर जास्त उतरलेली. रक्तातल्या पेशींना हाक मारून बोलावणारे एक प्रथिनही या डोळ्यांतल्या द्रवात वाढलेले सापडले. २०१३ सालचा हा अभ्यास. दाहामुळेच नजर गेली असे तो सिद्ध करत नाही. पण आरपीच्या डोळ्यात वर्षानुवर्षे मंद आच असते, हे त्यानंतर नाकारता येत नाही. डोंडर्स यांच्या ‘आयटिस’ला दीडशे वर्षांनी मिळालेला हा आधार.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की मायक्रोग्लियांना गप्प केले की झाले. तसे नाही. सफाई ही पडद्याची रोजची गरज आहे. दंडपेशी आपल्या टोकाचा सुमारे दहावा हिस्सा दररोज झाडून टाकतात आणि पडद्यामागचा रंगद्रव्याचा थर तो कचरा गिळतो. हे गिळणे ज्या जनुकांवर चालते त्यांतल्या एकात बिघाड झाला की कचरा साचतो, आणि तेवढ्यानेही आरपी होते. वाँग यांच्याच गटाने २०१९ मध्ये आपल्या आधीच्या कथेला मुरड घालणारा निष्कर्ष मांडला. ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या प्रथिनसाखळीच्या मदतीने मायक्रोग्लिया खरोखर मेलेल्या पेशी उचलतात. ती साखळी तोडली तर उंदरांचा पडदा जास्त वेगाने खराब होतो. म्हणजे त्याच पेशी, तेच तोंड, एका घासाने रोग वाढवतात आणि दुसऱ्याने आवरतात. स्वतःच्या कामाला स्वतःच असा छेद देणारे संशोधन वाचताना आदर वाटतो.

म्हणूनच काहींचा प्रयत्न राखणदाराला मारण्याऐवजी शांत करण्याचा आहे. निरोगी चेतापेशी फ्रॅक्टलकाइन नावाचे प्रथिन वापरून मायक्रोग्लियांना ‘सगळे ठीक आहे’ असा निरोप देत असतात. सेप्को यांच्या प्रयोगशाळेने हाच निरोप जनुकोपचाराने उंदरांच्या डोळ्यात वाढवून पाहिला आणि शंकुपेशी जास्त काळ टिकल्या. पण बहुतेक मायक्रोग्लिया काढून टाकल्या तरीही हा फायदा टिकून राहिला. म्हणजे निरोप आणखी कुणीतरी ऐकत असावे.

२०२४ मध्ये लंडन आणि ग्वांगझू इथल्या संशोधकांनी आणखी अनपेक्षित दिशा दाखवली. सीआरबी१ या जनुकातल्या दोषामुळे लहानपणीच नजर जाणारे आजार होतात. हे जनुक डोळ्याइतकेच आतड्याच्या अस्तरातही काम करते. दोष असलेल्या उंदरांत आतड्याची भिंत सैल झाली होती, आतड्यातले जिवाणू तिथून निसटून पडद्यापर्यंत पोहोचले होते, आणि जिवाणूनाशक औषधे दिल्यावर पडद्याची हानी कमी झाली. हे सारे उंदरांपुरते आहे. त्यावरून कुणा रुग्णाने प्रतिजैविके घेऊ नयेत. पण जनुकाच्या दोषाला पडद्याबाहेरून खतपाणी मिळू शकते, ही कल्पनाच आधी कुणी फारशी गंभीरपणे घेतली नव्हती.

या सगळ्याचा रुग्णाला उपयोग काय? त्यासाठी जनुकोपचाराची मर्यादा पाहावी लागते. आरपीई६५ या जनुकाच्या दोषासाठीचा लक्सटर्ना हा उपचार डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. आनुवंशिक अंधत्वावरचा तो पहिला जनुकोपचार आणि वैद्यकातला खरा विजय. अंधारात चाचपडणारी मुले त्यानंतर अडथळ्यांतून वाट काढू लागली. पण त्याची किंमत दोन डोळ्यांसाठी साडेआठ लाख डॉलर ठेवली गेली. तो चालतो ऐंशीतल्या एकाच जनुकाला. आणि या जनुकाच्या उपचारानंतर काही वर्षे रुग्णांवर लक्ष ठेवणाऱ्यांना दिसले की नजर सुधारली तरी पेशींचा ऱ्हास आपल्या गतीने चालूच राहिला. भरीला, जनुक पोहोचवण्यासाठी वापरलेला विषाणू स्वतः दाह उठवू शकतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या आगेमागे रुग्णाला स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात. दाह, ऑक्सिजनचा गंज, उपासमार या वाटा मात्र जनुक कोणतेही असो, बहुतेक आरपीत सामाईक आहेत. त्यांतली एक जरी अडवता आली तरी ते औषध कितीतरी जास्त घरांत पोहोचेल.

आज असे सिद्ध झालेले औषध नाही. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण या आजाराच्या भीतीवर जगणारे दुकानदार पुष्कळ आहेत. स्टेरॉइडचे थेंब आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळतात. ते आपल्या मनाने घालत राहिल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही ओढवतात, आणि आधीच अरुंद झालेल्या नजरेवर काचबिंदू म्हणजे दुहेरी घाव. ज्याच्यावर इलाज आहे ते मात्र सोडू नये. बऱ्याच आरपी-रुग्णांत पडद्याच्या मध्यभागी पाणी साचून सूज येते. एका प्रकारच्या गोळ्यांनी किंवा थेंबांनी अनेकांत ती उतरते. मोतीबिंदूही या लोकांना लवकर होतो आणि तो काढल्यावर पुष्कळांना फरक पडतो. ‘तुमचा आजार असाध्य आहे’ एवढे ऐकून तपासणीला जाणेच बंद केलेली माणसे यालाही मुकतात.

सध्या सर्वाधिक लक्ष एका जुन्या, स्वस्त औषधाकडे आहे. एन-ॲसिटिलसिस्टिन. कफ पातळ करायला आणि पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर उतारा म्हणून ते कित्येक दशके वापरात आहे. पेशींना गंजवणारी रसायने ते निकामी करते, आणि गंज व दाह एकमेकांना पेटवत असल्याने एकाला रोखले की दुसऱ्यालाही लगाम बसेल अशी आशा आहे. जॉन्स हॉपकिन्समध्ये पीटर कँपोकियारो यांनी तीस रुग्णांवर केलेल्या पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत वाचण्याची क्षमता किंचित सुधारल्याचे दिसले. २०२३ मध्ये शेकडो रुग्णांची, वर्षानुवर्षे चालणारी तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. तीस माणसांवरच्या किंचित सुधारणेवर विसंबून गोळ्या सुरू कराव्यात असे कुणी जबाबदार डॉक्टर म्हणणार नाही.

अशा चाचणीत मोजायचे काय, हाही प्रश्नच होता, कारण शंकुपेशींचा ऱ्हास सावकाश असतो. आता पडद्याचा आडवा छेद दाखवणारा ओसीटी स्कॅन मिनिटभरात निघतो. त्या करड्या पट्ट्यांत एक पांढरी, चमकदार रेघ असते. प्रकाशग्राही पेशींची ऊर्जाकेंद्रे जिथे दाटलेली असतात तिथली ही खूण. निरोगी डोळ्यात ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. आरपीत दोन्हीकडून आखडत मध्यावर येते, आणि उरलेल्या रेघेच्या लांबी-रुंदीत रुग्णाची वाचती नजर साठलेली असते. दरवर्षी ती मायक्रॉनमध्ये मोजतात. गोळी घेणाऱ्यांची रेघ न घेणाऱ्यांपेक्षा किती कमी आखडली, एवढाच हिशेब आता लागायचा आहे.